पांढरी सात आणि टीव्हीची शीळ

लग्न होऊन रेवदंड्याला आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला वाटलं, सासरचा टीव्ही बिघडलाय. पडद्यावर नुसते उभे रंग, पिवळा, निळा, हिरवा, तांबडा, एकाला लागून एक, आणि आतून एकसुरी शीळ. ना वर जाते, ना खाली येते, ना मध्ये श्वास घेते. बंद करावा म्हणून मी पुढे झाले तर कोपऱ्यातून हे ओरडले, "हात लावू नको!" लग्नानंतर ते माझ्याशी मोठ्याने बोलले ते हे पहिलं वाक्य.

हे पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे भजनाची, भात्याची. मुंबईला एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढली आणि गावी परत येऊन ओटीवर दुकान मांडलं. पेटीच्या आत रीड असतात, पितळेच्या बारीक जिभा. जीभ टोकाला घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. सगळा खेळ त्या घासण्याचा. पण घासायचं कशाच्या हिशेबाने? एक तरी स्वर असा लागतो, जो आपल्या जागेवरून हलत नाही. बाकीचे मग त्याच्यावरून लावता येतात. कारागिराकडे पोलादाचा चिमटा होता, तो टणकन वाजवला की स्वर मिळायचा. यांच्याकडे तसलं काही नव्हतं. देवळाची घंटा होती, पण ती सगळ्यांच्या हातची, वाजवेल त्याच्यागणिक वेगळी.

मग डोंगरावर टीव्हीचा टॉवर उभा राहिला आणि सकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ही शीळ घरात यायला लागली. टॉवरवर काम करणाऱ्या एकाने यांना सांगितलं, की हा स्वर सेकंदाला बरोबर हजार वेळा थरथरतो, आज, उद्या, कधीही. झालं. यांना देव भेटला. "दिल्लीवरनं येतो तो," हे म्हणायचे, "सरकारी हाय. चुकेल कसा?" गावातले लोक बातम्यांआधीच्या घड्याळावर आपली घड्याळं लावायचे. आमच्या घरात टीव्हीवर पेट्या लागायच्या.

आता यात एक गोम होती. ती आम्हाला फार उशिरा कळली. तो स्वर चुकत नव्हता हे खरंच, पण तो पेटीवरचा कुठलाच स्वर नव्हता. हजार हा आकडा इंजिनिअर लोकांच्या सोयीचा, गाणाऱ्यांच्या नव्हे. तो पडतो पांढऱ्या सातच्या, म्हणजे सातव्या पांढऱ्या पट्टीच्या, जरासा वर. यांनी त्यालाच पांढरी सात मानलं आणि त्याच्यावरून सगळी पेटी बांधली. एक नव्हे, हाताखालून गेली ती प्रत्येक. चौल, नागाव, कोर्लई, पार खाली मुरुडपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या वर्षानुवर्षं केसभर चढ्या वाजत राहिल्या आणि कोणालाही पत्ता लागला नाही, कारण सगळ्याच सारख्या चढ्या होत्या. सप्ताहाला चार गावची मंडळं जमली की कोणाचीही पेटी कोणाच्याही गळ्याला बसायची. लोक तारीफ करायचे.

एकदा पुण्याचा एक बासरीवाला सप्ताहाला पाहुणा म्हणून आला होता. बिचारा घामाघूम झाला. बासरी काही पेटीला लागेना. बासरी ताणता येत नाही, घासता येत नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की समुद्राच्या हवेने त्याचा बांबू फुगला असणार. तोही हो म्हणाला आणि निमूटपणे टाळ वाजवत बसला. फोनवर सूर मोजायची सोय आली तेव्हा खरा प्रकार उघड झाला. बुवा लोक हसले आणि म्हणाले, आमचे गळे आता इथेच बसलेत, राहू द्या. हे हसले नाहीत. "फोन चुकतो," एवढंच म्हणाले.

पण मी सांगत होते ते शिळेचं. रोज पहाटे उठून बंब पेटवायचा, भाकऱ्या थापायच्या, आणि त्या सगळ्यावर ती शीळ. ती बंद झाली तरी माझ्या डोक्यात दुपारपर्यंत सुरू असायची. नळाच्या धारेत मला ती ऐकू यायची, मिक्सरमध्ये ऐकू यायची. मी भातशेतीच्या गावातली, माझ्या माहेरी गाणं म्हणजे लावणीच्या वेळी बायका म्हणतात तेवढंच. मला कोणी विचारलं असतं, तर मी ती शीळ खाडीत बुडवून आले असते. कोणी विचारलं नाही.

मग एक दिवस ती आलीच नाही. पडद्यावर मुंग्या. हे वर चढून अँटेना हलवत बसले, मी खालून ओरडत राहिले, "नाही! अजून नाही!" शेजारच्यांनी केव्हाच डिशची छत्री बसवली होती, त्यांना काही फरक पडला नाही. टॉवर बंद केला म्हणून कळलं. घरात कोणी वारलं की माणूस जसा उगाच अंगणात उभा राहतो, तसे हे काही दिवस उभे राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सकाळी पहिल्यांदाच मला अंगणातले पक्षी ऐकू आले.

यांनी आधीच एक शहाणपणा करून ठेवला होता. त्या शिळेशी जुळवलेली एक सुटी रीड, पेरभर लाकडी ठोकळ्यात बसवून, तोंडाने फुंकता येईल अशी. तिला ते खुणेची रीड म्हणायचे. खाऱ्या हवेत पितळेला हिरवं चढतं, म्हणून ती तांदळाच्या डब्यात पुरलेली असायची. तांदूळ दमटपणा ओढून घेतात. दोनदा ती माझ्या भाताबरोबर कुकरात जाता जाता वाचली. पुढची सगळी वर्षं आमच्या घरचा सूर तांदळात राहिला.

यांचे कान कधी जायला लागले ते मला नक्की सांगता येणार नाही. केस पांढरे व्हायला कधी लागले ते तरी कुठे सांगता येतं? पण मला कळलं ते पाववाल्यामुळे. सकाळी पाववाला सायकलवरून घंटी वाजवत येतो. हे हातातलं काम न सोडता म्हणायचे, "काळी पाच आली, टोपली घे." तो विनोद मी इतकी वर्षं ऐकला की मला त्याचा वीट आला होता. एक दिवस पाववाला फाटकाशी उभा राहून घंटी बडवतोय आणि हे चार हातांवर बसून मला विचारतात, "आज पाववाला आला नाही का गं?" मी टोपली घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारायचं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट बोलायची नाही असं न बोलता ठरलं. रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज वाढत गेला. मी हाक मारायच्या ऐवजी जवळ जाऊन खांद्याला हात लावायला लागले. आणि पेट्या परत यायला लागल्या. आधी एका मंडळाची, मग दुसऱ्याची. परत आली की हे पुन्हा घासायचे, पुन्हा द्यायचे, पुढच्या वर्षी ती अलिबागच्या दुकानात जायची. काही मंडळांनी सरळ विजेवरची पेटी घेतली. ती कधी बिघडत नाही म्हणे.

उरले ते खाडीपलीकडचे बुवा. यांच्याच वयाचे, गळा अजून खणखणीत. गेल्या साली पेटी घेऊन गेले आणि महिन्याने एकटेच आले. हे देवळात गेले होते ते बघूनच आले असावेत. अंगणात उभे राहून म्हणाले, "वहिनी, वरचे सूर भांडतात हो. भाऊंना सांगू नका. मी सांभाळून घेतो, वर जातच न्हाय." सबंध सप्ताह त्या माणसाने वरचे स्वर टाळून भजन म्हटलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कानाचं मशीन दिलं. हे घरी येऊन पेटीसमोर बसले, एक स्वर दाबला आणि मशीन काढून ठेवलं. "पत्र्यावर पाऊस पडतोय," म्हणाले. ते मशीन कपाटात आहे. मुलीने फोनवरून समजावलं, जावयाने समजावलं. मी भांडले. भांडताना मोठ्याने बोलावं लागतं, आणि मोठ्याने बोलून बोलून माझाच घसा बसायचा. त्यांच्यापर्यंत किती पोचायचं देव जाणे. मी दमले होते. म्हातारपणी घर शांत असेल असं मी कुठेतरी धरून चालले होते.

यंदा श्रावणाच्या तोंडावर बुवा परत पेटी घेऊन आले. यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. निघताना चपला घालायच्या निमित्ताने माझ्याजवळ येऊन हळूच बोलले, "वहिनी, पोरं ऐकत न्हायत. यावेळी लागली तर लागली, न्हायतर ती विजेवरची घेणार हायत. मना मग काय बोलता यायचं न्हाय." मी मान हलवली. ही शेवटची पेटी होती. ती गेली की ओटीवरची बैठक जाणार, घासायच्या कानशी जाणार, आणि हा माणूस खुर्चीत बसून टीव्हीवरच्या मुंग्यांकडे बघत संपणार. हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुपारी जेवण झाल्यावर यांनी पेटी उघडली. मी समोर सुका जवळा निवडत बसले होते. वरच्या सप्तकात एका स्वराला दोन रीड असतात. त्या किंचित वेगळ्या असल्या की आवाज थरथरतो, त्याला हे लाट म्हणतात. लाट मंद होत होत थांबली की स्वर जुळला. ती थरथर मला बसल्या जागी ऐकू येत होती, दातात कळ जावी तशी. हे डोळे मिटून ऐकत होते आणि समाधानाने मान हलवत होते.

"खुणेची आण," म्हणाले.

मी तांदळातून काढून आणली. त्यांचा एक हात भात्यावर, एक पट्टीवर. "तू फुंक," म्हणाले, "मी मिळवून बघतो." मी ठोकळा ओठांना लावला आणि फुंकलं. नुसती हवा. फस्स. तांदळाचं पीठ बसलं होतं की हिरवं चढलं होतं कोण जाणे, जीभ हललीच नाही. मी सांगायला तोंड उघडणार, तर यांचे डोळे मिटलेले, मान कलती, आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं ऐकणं.

"हां," म्हणाले. "बरोबर हाय. धर. धरून ठेव."

मी पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. त्यांनी पेटीचा स्वर दाबून ठेवला आणि मान डोलावली. कशाशी जुळवत होते ते? मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. कोणाचा ते आजही सांगता येत नाही.

"वाजली नाही ती!" मी ओरडले. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडले, ते शेजारीही ऐकू गेलं असेल. "नुसती हवा जातेय. वाजलीच नाही!"

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातातून ठोकळा घेतला, फुंकला, कानाशी नेऊन परत फुंकला. मग उजेडात धरून बघितलं आणि टाचणीने जीभ मोकळी करायला गेले. जुनं पितळ ते, किती वेळा घासलेलं. कट् झालं. तुटलेला तुकडा तळहातावर घेऊन बसले. शीळही गेली, शिळेची खूणही गेली.

"बुवांना फोन कर," थोड्या वेळाने म्हणाले. "म्हणावं, घेऊन जा पेटी. माझ्याच्यानं न्हाय होत."

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? सुटले. उद्यापासून कोणासाठी कान लावून बसायला नको. मी खरंच उठले फोन आणायला. तर हे कानस पुसत होते. रोज पुसतात तशी नाही. तेलाचा बोळा फिरवून, कापडात घट्ट गुंडाळून, वर दोरा. वस्तू पुन्हा लवकर काढायची नसली की माणूस जसं बांधतो तसं.

मी परत खाली बसले आणि शीळ घातली.

माझी आई असती तर तिने पाठीत धपाटा घातला असता. बाईने शीळ घालणं म्हणजे घराला अवकळा, असं ती म्हणायची. पुढचा एक दात पडल्यामुळे आधी नुसतं वारं आलं. मग ओठ जरा आवळले आणि आली. उभे रंग डोळ्यांसमोर आले, भाकरीचा पहिला वास आला, आणि ती आली, तशीच, ना वर ना खाली. इतकी वर्षं जिचा मी दुस्वास केला ती माझ्याच तोंडात बसलेली होती. हे माझ्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना ऐकू येत नव्हतं हे मला दिसत होतं. पण ओठ बघून त्यांना समजलं.

"ती?" त्यांनी विचारलं.

मी शीळ न तोडता मान हलवली. मग पेटीची पट्टी दाबली. "खाली आहे," मी म्हटलं.

"टोकाला घासू?"

"घासा."

त्यांनी दोरा सोडला. कानस काढली. त्यांचा हात अजून तसाच आहे, मोहरी उचलावी इतका हलका. दोनदा घासायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी शीळ घालायची, पट्टी दाबायची, लाट मोजायची. "जुळलं?" "नाही." पुन्हा दोनदा. "आता?" "नाही." शिळेवरून एक स्वर पक्का झाला, मग त्याच्यावरून पुढचा, मग त्याचा जोडीदार. माझे ओठ सुकले, गाल दुखायला लागले. जवळा तसाच पडला आणि मांजराने त्यातला निम्मा नेला. एकदा तर अगदी वाटलं, म्हणून टाकावं जुळलं, आणि चहा ठेवावा. त्यांना कुठे कळणार होतं? पण त्यांनी तोंड वर करून विचारलं, "जुळलं का गं?" आणि मी म्हटलं, "नाही. अजून घासा."

असे तीन-चार दिवस गेले. पलीकडच्या वहिनी कुंपणावरून विचारून गेल्या, शीळ कोण घालतंय म्हणून. मी म्हटलं, टीव्ही. 

बुवा सकाळीच आले पेटी न्यायला. ओटीवर मांडी घालून बसले आणि खालून वर एकेक स्वर वाजवत गेले. वरच्या सप्तकाशी येऊन थांबले, माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली, मग पट्टी दाबली. स्वर सरळ उभा राहिला. त्यांनी पुढचा दाबला. मग त्याच्यापुढचा. मग गेल्या साली टाळलेले सगळे स्वर त्यांनी एकामागून एक वाजवले, आणि त्या वयाच्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"भाऊ," ते यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "जुनीच पट्टी! काय बोलायचं कामच न्हाय. लोक कायबी बोलतात, कान शाबूत हायत तुमचे अजून."

हे हसले असते तर विषय तिथेच मिटला असता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"न्हाय," हे म्हणाले. "मला ऐकू येत न्हाय बुवा. पेटी हिनं लावलीय."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी किती भांडले होते. मशीनसाठी भांडले, डॉक्टरसाठी भांडले, मुलीला मध्ये घातलं. आलं तेव्हा वाटलं, नसते बोलले तर बरं झालं असतं. बुवांना कुठे बघावं कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, नुसते जोडले, आणि चहा न घेता पेटी उचलली. जाताना एवढंच म्हणाले, की चौलच्या मंडळाची पेटी पण पडून हाय, पाठवून देतो. म्हणजे माझी सुटका नाही ती नाहीच.

ते गेल्यावर हे अंगणातच उभे राहिले. मी ट्रे खाली ठेवला. तेवढ्यात फाटकाशी पाववाल्याची घंटी वाजली. यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न लपवता, विचारल्यासारखं.

"आला," मी म्हटलं.

ते आत गेले, टोपली घेतली आणि फाटकाकडे निघाले.